हार आणि मार

पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं कायमची नांगरून असतात. त्यांतल्या 'मॅजेस्टिक प्राइड'च्या छतावर १९ मार्च २०२१ च्या रात्री बॉक्सिंगचं रिंग उभारलं होतं. खालच्या मजल्यांवर लोक रोज जे करतात, तेच त्या रात्री विजेंदर सिंगनं वर उघड्यावर केलं. जवळची एक किमती चीज तो घालवून बसला. ती चीज म्हणजे शून्य.

व्यावसायिक बॉक्सरची ओळख नावाआधी आकड्यांनी करून देतात. जिंकल्या किती, हरल्या किती. विजेंदरचा हिशेब त्या रात्रीपर्यंत १२-० असा होता. समोर रशियाचा अर्तिश लोप्सान, सहा फूट चार इंच उंच आणि वयानंही लहान. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि शून्याच्या जागी एक आला. विजेंदर त्याआधी सोळा महिने लढला नव्हता, मधलं वर्ष कोविडनं खाल्लं होतं आणि वय पस्तीस झालं होतं. हिशेबाच्या वहीत यातलं काही लिहीत नाहीत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रायपूरला त्यानं घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्याच फेरीत संपवलं, म्हणजे तसं पाहिलं तर पुनरागमन झालं. तरीही 'तो परत आला का?' या प्रश्नाचं उत्तर त्या विजयानं मिळालं असं म्हणवत नाही.

गंमत अशी की, हा माणूस देशाला ठाऊक झाला तोच एका पराभवानं. २००८ मध्ये बीजिंगला उपांत्य फेरीत क्यूबाच्या एमिलिओ कोरेयानं त्याला हरवलं आणि त्याच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत होत नाही, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य देतात. २०१२ मध्ये मेरी कोम लंडनला निकोला अॅडम्सकडून हरली, २०२१ मध्ये टोकियोत लवलीना बोरगोहाईं तुर्कस्तानच्या सुरमेनेलीकडून हरली. बॉक्सिंगमधली भारताची ऑलिंपिक पदकं एवढीच तीन, आणि तिन्ही हरलेल्या लढतीनंतर मिळालेली. त्या हारीवर मिरवणुका निघाल्या. मांडवीवरची हार मात्र डाग ठरली.

म्हणून 'मोठ्या पराभवानंतर बॉक्सर सावरतो का?' असं कुणी विचारलं की मला आधी त्या प्रश्नाचीच शिवण उसवावीशी वाटते. त्यात दोन कापडं एकत्र शिवलेली आहेत. एक हार, दुसरा मार. हार वहीत लिहिली जाते, मार शरीरात. दोन्ही एकाच रात्री मिळाले तर आपण त्यांना एकच समजतो. पण हार मिळूनही मार न बसलेले बॉक्सर आहेत, आणि जिंकूनही मार घरी घेऊन गेलेले तर कितीतरी.

आधी त्या शून्याचं. शून्याची ही पूजा फार जुनी नाही. शुगर रे रॉबिन्सन चाळीस लढती जिंकून ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाकडून पहिल्यांदा हरला. दोन आठवड्यांनी तो आणखी एकाशी लढला आणि जिंकला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच लामोटाला हरवून मोकळा झाला. आज एवढ्या अवधीत करारातल्या कलमांवर वकिलांचं एकमत होत नाही. रॉबिन्सन एकूण दोनशेच्या आसपास लढती लढला, त्यांत एकोणीस हरला, आणि आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण या वादात जाणकार बहुधा त्याचंच नाव घेतात. त्या काळात बॉक्सर हा पोटासाठी महिन्याला एक-दोनदा लढणारा माणूस होता. एक हार म्हणजे एक वाईट दिवस.

मग रॉकी मार्सियानो ४९-० वर १९५६ मध्ये निवृत्त झाला आणि त्या आकड्याची पोथी झाली. २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरनं ५०-० करून ती पुढे नेली. दरम्यान दूरचित्रवाणीचा पैसा आला, वर्षाला दोनच लढती पुरू लागल्या आणि शून्य हा विक्रीचा माल झाला. प्रवर्तक तरुण बॉक्सरला पहिली पाच वर्षं निवडून-निवडून दुबळे प्रतिस्पर्धी देतात ते शून्य जपण्यासाठी. साहजिकच पहिली हार येते तेव्हा ती तयारी नसलेल्या माणसावर येते. हरायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

आपल्या कुस्तीत तसं नाही. पाठीला माती लागली की पैलवान उठतो, माती झटकतो आणि पुढच्या जत्रेच्या फडात पुन्हा उभा राहतो. वस्ताद फार तर चार शिव्या देतो आणि कुठला डाव चुकला ते दाखवतो. चितपट होण्यानं डोकं दुखावतंच असं नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र हरण्याचा राजमार्ग डोक्यातूनच जातो.

तरी वस्तादाची गोष्ट इथेही लागू आहे. सावरलेल्या बॉक्सरांची यादी घेऊन बसलं की दिसतं, ते आधी लढतीच्या फिल्मकडे किंवा वस्तादाकडे गेले. जो लुई १९ जून १९३६ ला न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगकडून बाराव्या फेरीत नॉकआउट झाला. लुई डावा जॅब मारून हात परत घेताना तो खाली पाडतो, हे श्मेलिंगनं त्याच्या लढतींच्या फिल्म पाहून हेरलं होतं. त्या फटीतून त्यानं रात्रभर उजवा घातला. हार मोठी होती आणि मारही मोठा होता, पण कारण बोट ठेवून दाखवता येत होतं. लुई दोनच महिन्यांनी रिंगमध्ये उतरला आणि त्यानं माजी विजेता जॅक शार्की याला तिसऱ्या फेरीत पाडलं. पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला. श्मेलिंगशी पुन्हा गाठ पडली २२ जून १९३८ ला, त्याच मैदानात. या वेळी सगळं १२४ सेकंदांत आटोपलं. त्या लढतीवर नाझी जर्मनी आणि अमेरिका यांचं एवढं ओझं होतं की तिच्यातली साधी तांत्रिक दुरुस्ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

ब्रिटनच्या लेनॉक्स लुईसनं तर जिथून मार आला तिथलाच वस्ताद उचलला. २४ सप्टेंबर १९९४ ला वेम्बलीत ऑलिव्हर मॅकॉलच्या एका उजव्या ठोशानं तो दुसऱ्या फेरीत आडवा झाला. तो उजवा शिकवणारा मॅकॉलच्या कोपऱ्यात होता: डेट्रॉइटचा इमॅन्युएल स्टीवर्ड. लुईसनं त्यालाच आपल्याकडे घेतलं. आपल्या घरी चोरी झाली म्हणून त्याच चोराकडून कुलूप बसवून घ्यावं, तसा हा प्रकार. फेब्रुवारी १९९७ मध्ये दोघे पुन्हा भिडले, तेव्हा मॅकॉल लढता-लढता रडू लागला, हात खाली सोडून फिरत राहिला, आणि पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्याच्या आयुष्यात तेव्हा व्यसन आणि बरंच काही चालू होतं. जिंकलेला कोसळला आणि हरलेला उभा राहिला.

पुढे २००१ च्या एप्रिलमध्ये लुईस पुन्हा हरला. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या उंच पठारावर हसीम रहमाननं त्याला पाचव्या फेरीत झोपवलं. लुईस हॉलिवूडच्या 'ओशन्स इलेव्हन' मध्ये छोटी भूमिका करून आला होता, विरळ हवेची सवय करायला पुरेसा आधी पोचला नव्हता आणि वजनही वाढलं होतं. म्हणजे कारण पुन्हा दुरुस्त होण्याजोगं. परतीची लढत मिळावी म्हणून तो न्यायालयात गेला, ती मिळवली आणि सात महिन्यांनी लास व्हेगासला चौथ्या फेरीत रहमानला पाडून पट्टे परत घेतले.

स्टीवर्डचा दुसरा शागीर्द व्लादिमिर क्लिच्को मला लुईसपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मार्च २००३ मध्ये हॅनोव्हरला दक्षिण आफ्रिकेच्या कोरी सँडर्सनं त्याला दोन फेऱ्यांत संपवलं. सँडर्सला बॉक्सिंगपेक्षा गोल्फ आवडायचा. वर्षभरानं, एप्रिल २००४ मध्ये, लॅमन ब्रूस्टरविरुद्ध क्लिच्को चार फेऱ्या वरचढ होता आणि पाचवीत असा गळाला की घंटेनंतर उभंही राहता येईना. आणि या वेळी कोपऱ्यात स्टीवर्ड होताच! वस्ताद बदलून लगेच फळ मिळतं असं नाही. लोकांनी क्लिच्कोवर फुली मारली. काचेची हनुवटी, दम नाही, मनानं कच्चा, असं सगळं बोलून झालं.

स्टीवर्डनं त्याला अजिबात शूर करायचा प्रयत्न केला नाही. त्यानं त्याला सावध केलं. लांब डावा हात सतत समोर, प्रतिस्पर्धी आत घुसला की मिठी मारून त्याच्या मानेवर वजन टाकायचं, मग पुन्हा डावा. सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युएल पीटरनं त्याला तीनदा खाली पाडलं, तरी तो तीनदा उठून गुणांवर जिंकला. एप्रिल २००६ मध्ये ख्रिस बर्डकडून पट्टा घेतला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये टायसन फ्युरीनं हरवेपर्यंत सोडला नाही. साडेनऊ वर्षं, सलग अठरा यशस्वी बचाव. या लढती पाहणं हे मात्र काम होतं. मी त्यांतल्या काही पाहिल्या आहेत आणि मधल्या फेऱ्यांत चहा करून आलो तरी काही चुकलं नाही. सावरण्याची ही किंमत फारशी कुणी लिहीत नाही. मार खाल्लेला बॉक्सर परत येतो तो पुष्कळदा पूर्वीचा नसतो, त्याच्या अंगात भीतीनं शिस्तीचं रूप घेतलेलं असतं. अँथनी जोशुआचंही तसंच झालं. जून २०१९ मध्ये न्यू यॉर्कला अँडी रुईझनं त्याला सातव्या फेरीत हरवलं. डिसेंबरमध्ये सौदी अरेबियातल्या दिरियाला जोशुआ बारा फेऱ्या लांबून-लांबून जॅब मारत, पळत, जिंकला. पट्टे परत आले, पण रुईझआधीचा जोशुआ, जो समोरच्याला चिरडत जायचा, तो पुढच्या काळात तुकड्यातुकड्यांनीच दिसला.

या तिघांत आणखी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे पैसा. तिघांचीही तिकिटं खपत होती. परतीच्या लढतीचं कलम करारात घालायला, न्यायालयात जायला, डेट्रॉइटचा वस्ताद ठेवायला, सहा महिने न लढता राहायला ऐपत लागते. छोट्या सभागृहात लढणाऱ्याला पहिल्या मोठ्या हारीनंतर वेगळीच कामं येऊ लागतात. दुसऱ्याच्या तरुण पोराचं शून्य जपण्यासाठी, दोन दिवसांच्या निरोपावर, परक्या गावी जाऊन, चार-सहा फेऱ्या उभं राहून हरायचं. बर्मिंगहॅमचा पीटर बकली २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर तीनशे लढती होत्या आणि त्यांतल्या २५६ हरलेल्या. तो अडाणी बॉक्सर नव्हता. मार चुकवून हरायचं कसं, हे कसब त्यानं कमावलं होतं, आणि त्यावर घर चालवलं. 'सावरणं' या शब्दाचा त्याच्या धंद्यात काय अर्थ लावायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता लाजेकडे वळू. काही हारींत मार फारसा नसतो, पण माणूस तोंड दाखवेनासा होतो. २५ नोव्हेंबर १९८० ला न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्तो दुरान आठव्या फेरीत शुगर रे लेनर्डकडे पाठ करून वळला आणि पंचांना हातानं खूण केली की पुरे. 'नो मास', म्हणजे 'आणखी नको', हे दोन शब्द त्याच्या नावाला चिकटले ते कायमचे. आपण तसं बोललोच नाही असं तो सांगत राहिला, पण ऐकतो कोण. पाचच महिन्यांपूर्वी त्यानं मॉन्ट्रियलला याच लेनर्डला हरवलं होतं. पनामाच्या गल्ल्यांतून वर आलेला, 'दगडी हातांचा' म्हणून पूजला गेलेला हा माणूस, आणि तो लढत अर्धी टाकून आला. मायदेशात त्याचं जे झालं ते नॉकआउट होऊन आला असता तर झालं नसतं. पुढची दोन वर्षंही वाईटच. विल्फ्रेड बेनिटेझकडून हरला, कर्कलंड लेंगकडून हरला. मग १६ जून १९८३ ला, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं डेव्ही मूरला असं झोडपलं की तो तिसऱ्या वजनगटात जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी टॉमी हर्न्सनं त्याला दोन फेऱ्यांत पालथा पाडला, तेव्हा पुन्हा सगळ्यांनी निरोपाचे लेख लिहायला घेतले. फेब्रुवारी १९८९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यानं अटलांटिक सिटीत इरान बार्कलीला हरवून मिडलवेटचा पट्टा मिळवला.

दुरान कसा सावरला? मला वाटतं, न्यू ऑर्लिन्सला गमावलेली अब्रू हे त्याचं एकमेव नुकसान होतं. डोकं शाबूत होतं, बचाव शाबूत होता, आणि लहानपणापासूनची भूक राग होऊन परत आली. पण लाज सगळ्यांनाच पेटवत नाही. ब्रिटनचा नसीम हमीद, येमेनी वंशाचा शेफिल्डचा मुलगा, दोरीवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरणारा, एप्रिल २००१ मध्ये मार्को अँतोनिओ बरेराकडून फक्त गुणांवर हरला. खाली पडला नाही, रक्तबंबाळ झाला नाही. पण बरेरानं बारा फेऱ्या त्याला शिकवणी दिली आणि त्याच्या साऱ्या ऐटीमागे काही नाही असं जगाला दाखवलं. वर्षभरानं हमीद एकदा लढला, जिंकला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो संपला. हार होती, मार जवळजवळ नव्हता, तरी परतणं नाही.

माइक टायसन या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या फेरीत पाडलं, तेव्हा पैजेचा भाव डग्लसविरुद्ध ४२ ला १ होता. टायसन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. केव्हिन रूनी हा जुना प्रशिक्षक त्यानं १९८८ मध्येच सोडला होता, आणि टोकियोत कोपऱ्यातल्या माणसांकडे सुजलेल्या डोळ्यावर दाबायची थंड धातूची पट्टीसुद्धा नव्हती. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरलं. ही हार लुईससारखीच दुरुस्त होण्याजोगी होती, फक्त दुरुस्त करणारं कुणी जवळ उरलं नव्हतं. बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून आल्यावर १९९६ मध्ये त्यानं दोन पट्टे मिळवले, म्हणून आकडेवारीत तो सावरलेल्यांत मोडतो. त्यानंतर होलिफिल्डविरुद्ध हरलेल्या दोन लढती पाहिल्या की मला ती आकडेवारी पटत नाही.

इथपर्यंत हारीचं झालं. मार ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात वस्ताद फारसं काही करू शकत नाही.

हनुवटीवर बाजूनं बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो. कवटी फिरते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग हिसका बसतो, चेतातंतूंचे बारीक धागे ताणले जातात, तुटतात. न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलंड या विकृतिशास्त्रज्ञानं १९२८ मध्येच बॉक्सरांच्या या दुखण्यावर लिहिलं. तेव्हा जिमखान्यांत अशा माणसांना 'पंच-ड्रंक' म्हणत, म्हणजे ठोशांनी झिंगलेले. १९७३ मध्ये ब्रिटनच्या कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा मृत बॉक्सरांचे मेंदू तपासून नेमकी काय हानी होते ते दाखवलं. आज तिला सीटीई म्हणतात, आणि तिचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं. म्हणजे ज्या दिवशी परवाना द्यायचा की नाही हे ठरतं, त्या दिवशी डॉक्टरच्या हातात पूर्ण पुरावा नसतो.

आणि मार लढतीच्या निकालाला विचारून बसत नाही. १७ मार्च १९९० ला लास व्हेगासमध्ये मेल्ड्रिक टेलर हा ऑलिंपिक सुवर्णविजेता मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझविरुद्ध तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर स्पष्ट पुढे होता. बाराव्या फेरीत तो पडला, उठला, आणि लढत संपायला दोन सेकंद उरले असताना रिंगमधले पंच रिचर्ड स्टील यांनी ती थांबवली. त्या दोन सेकंदांवर आजही भांडणं होतात. मला ती भांडणं चुकीच्या जागी चालली आहेत असं वाटतं. टेलर वेगानं गुण मिळवत होता आणि चावेझ संथपणे त्याला मोडत होता. डोळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तोंडातलं रक्त तो फेऱ्यामागून फेऱ्या गिळत होता. स्टील यांनी दोन सेकंद दुसरीकडे पाहिलं असतं, तर टेलर अपराजित राहिला असता आणि मार तेवढाच राहिला असता. दहा महिन्यांनी तो दुसऱ्या वजनगटात जगज्जेता झालासुद्धा! वहीप्रमाणे हे लखलखीत पुनरागमन. नंतरच्या वर्षांतल्या त्याच्या मुलाखती ऐकल्या तर जीभ अशी जड झालेली की शब्द कळायला कष्ट पडतात.

मुहम्मद अलीची गोष्ट याहून स्पष्ट आहे. १९७१ मध्ये फ्रेझरकडून आणि १९७३ मध्ये केन नॉर्टनकडून तो हरला, नॉर्टननं जबडा मोडला. दोन्ही हारींतून तो उठला आणि ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात फोरमनला पाडून पुन्हा जगज्जेता झाला. त्या हारींनी त्याचं बिघडवलं नाही. बिघडवलं असेल तर जिंकलेल्या लढतींनी. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाजवळ चौदा फेऱ्या त्यानं आणि फ्रेझरनं एकमेकांना जे दिलं, त्यानंतर पंधराव्या फेरीआधी प्रशिक्षक एडी फचनं आपल्या फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही. वहीत अलीचा विजय आहे. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्धही विजयच आहे, पण त्या रात्रीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले, कारण थांब म्हटलेलं कुणी ऐकत नव्हतं. अली डिसेंबर १९८१ पर्यंत लढला. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात बॉक्सिंगचा वाटा नेमका किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्या फेऱ्या मोजल्याशिवाय राहवत नाही.

या उजेडात काही प्रसिद्ध पुनरागमनं वेगळी दिसतात. मॅनी पॅकियाव डिसेंबर २०१२ मध्ये मार्केझच्या एका ठोशानं तोंडावर कोसळला आणि हललाही नाही. दृश्य भयंकर, पण ठोसा एकच. नंतर अकरा महिने तो रिंगपासून लांब राहिला, आणि २०१९ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्यानं कीथ थरमनला हरवलं. फोरमन तर दहा वर्षं लांब राहिला. १९७७ मध्ये जिमी यंगकडून हरून तो धर्मोपदेशक झाला, १९८७ मध्ये परतला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडलं. अंगात किन्शासाची तीच लाल चड्डी, आणि कोपऱ्यात अँजेलो डंडी, जो किन्शासाला अलीच्या कोपऱ्यात होता. त्या दहा वर्षांत फोरमननं काय मिळवलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला वाटतं, काय टाळलं ते मोठं आहे. मेंदूवर एकही ठोसा न पडलेली दहा वर्षं.

उलट रॉय जोन्सबद्दल 'मे २००४ च्या टार्व्हरच्या ठोशानं त्याला संपवलं' असं सर्रास म्हणतात. मला कारण आणि परिणाम उलटे वाटतात. जोन्स हात कमरेजवळ ठेवून केवळ चपळाईवर जगला. वर्षभरापूर्वी हेवीवेटचा पट्टा घ्यायला त्यानं अंग वाढवलं आणि मग स्नायू उतरवून परत १७५ पौंडांत आला. पस्तिशीत ती चपळाई निमिषभरानं कमी झाली, आणि खाली बचावाचा पाया नव्हता. ठोशानं फक्त वर्तमान सांगितलं. पुष्कळ 'करिअर संपवणाऱ्या' हारी या अशाच असतात. उतार आधी सुरू झालेला असतो, हार त्याची तारीख ठरवते.

आपल्याकडच्या हौशी, म्हणजे ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये हे गणित बरंच सौम्य आहे. तीन फेऱ्या, मोठे हातमोजे, नॉकआउट झाल्यास सक्तीची विश्रांती, आणि मुख्य म्हणजे पगार. लष्कर, रेल्वे, पोलिस. हरलेला बॉक्सर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये परत येतो तेव्हा पुढच्या महिन्याच्या जेवणाची चिंता घेऊन येत नाही. निखत झरीन डिसेंबर २०१९ मध्ये निवड चाचणीत मेरी कोमकडून ९-१ अशी हरली, साऱ्या देशादेखत. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. स्वतः मेरी कोम २०१६ च्या जागतिक स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरून रिओला मुकली होती, आणि २०१८ मध्ये पस्तिशीत तिनं सहावं जागतिक सुवर्ण घेतलं. अमित पंघालनं टोकियोतल्या हारीनंतर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण मिळवलं, तिथे उपांत्य फेरीत झांबियाच्या पॅट्रिक चिन्येंबाला ५-० नं हरवून. दोन वर्षांनी पॅरिसला पहिल्याच लढतीत समोर तोच चिन्येंबा, आणि निकाल उलटा. तोही सावरूनच आला होता.

राहता राहिला फ्लॉइड पॅटरसन. तो सगळ्याच रकान्यांत बसतो म्हणून शेवटी ठेवला. २६ जून १९५९ ला स्वीडनच्या इंगेमार योहान्सननं त्याला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडून हेवीवेटचा पट्टा घेतला. पॅटरसन लाजेनं घराबाहेर पडेना. वर्षानं, २० जून १९६० ला, त्यानं योहान्सनला डाव्या हुकनं असं आडवं केलं की पडलेल्याचा पाय थरथरत राहिला. आणि मग हा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला. हेवीवेटचा गेलेला पट्टा परत मिळवणारा इतिहासातला तो पहिला. १९६२ मध्ये शिकागोला सॉनी लिस्टननं त्याला पहिल्याच फेरीत संपवलं, तेव्हा हरलो तर लोकांत जाता येणार नाही म्हणून आधीच बरोबर आणलेली खोटी दाढी-मिशी लावून तो रातोरात निघून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा लिस्टन, पुन्हा पहिली फेरी. तरी तो १९७२ पर्यंत लढत राहिला.

१९९५ मध्ये न्यू यॉर्कच्या गव्हर्नरनी त्याला राज्याच्या बॉक्सिंग नियामक मंडळाचा अध्यक्ष केलं. कुणाला रिंगमध्ये उतरू द्यायचं, कुणाला नाही, याची देखरेख करणारं हे पद. १९९८ मध्ये एका खटल्यात त्याची साक्ष नोंदवली जात होती. १९५६ मध्ये कुणाला हरवून तू पहिल्यांदा जगज्जेता झालास, असं वकिलानं विचारलं. पॅटरसननं पुष्कळ आठवून पाहिलं. आर्ची मूर हे नाव त्याला आठवेना. थोड्याच दिवसांत त्यानं राजीनामा दिला.